सेवेची तारीख बेटाने ठरवावी

(गोव्यातील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष, कार्यवाह आणि मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापला आहे, ‘चर्चच्या अल्पकालीन सेवाफेऱ्या आणि उष्ण कटिबंधातली बेटे’. मला त्यावर एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती आधीच सांगून टाकतो. सेवेला कोणी कधी यावं, हे ज्या बेटावर सेवा करायची त्या बेटाने ठरवावं. येणाऱ्याने नव्हे, पाठवणाऱ्याने नव्हे आणि मधल्या संयोजकाने तर मुळीच नव्हे. शेतीखात्यातली माझी नोकरी खाजनांच्या, म्हणजे खाडीलगतच्या सखल भातजमिनींच्या, बांधांवर गेली. हा विचार मला तिथे सुचला, पुस्तकात नाही.

या फेऱ्या काय असतात ते थोडक्यात. एखाद्या चर्चमधली वीस-पंचवीस तरुण मुलं, बरोबर दोन-चार वडीलधारी माणसं, सुट्टीतले आठ-दहा दिवस आणि एक लांबचं गरीब बेट. हैती, फिलिपीन्स, फिजी, असं कुठलंही. तिथे वर्गखोली बांधायची, भिंती रंगवायच्या, मुलांना गाणी शिकवायची, संध्याकाळी एकत्र बसून प्रार्थना करायची आणि घरी परतायचं. एकट्या अमेरिकेतून वर्षाला पंधरा लाखांहून जास्त माणसं अशी परदेशी जातात, असा अंदाज रॉबर्ट वुथनाऊ या समाजशास्त्रज्ञांनी या शतकाच्या पहिल्या दशकात मांडला होता. म्हणजे अख्ख्या गोव्याएवढी माणसं, दरवर्षी!

ही मुलं मनापासून येतात. मी त्यांना जवळून पाहिलं आहे. अठरा-एकोणीस वर्षांची मुलं स्वतःच्या खर्चासाठी केक विकतात, गाड्या धुतात, देणग्या मागतात आणि आपल्या उन्हात येऊन उभी राहतात. त्यांची टिंगल करायला मी इथे आलेलो नाही. टिंगल करणाऱ्यांनी एकदा तरी बांधावर पाटी उचलून पाहावी.

आणखी एक गोष्ट आधीच बोलून घेतो, कारण ‘मिशन’ हा शब्द उच्चारला की गोव्यातल्या मराठी श्रोत्यांच्या मनात काय येतं ते मला ठाऊक आहे. माझी गोष्ट मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावरची आहे, आणि दिवाडी म्हटलं की नार्वे आलंच. सप्तकोटेश्वराचं मूळ स्थान तिथलं. सोळाव्या शतकात ते पाडलं गेलं, लिंग नदीपलीकडे डिचोली महालातल्या दुसऱ्या नार्व्यात नेलं आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. हा इतिहास विसरावा असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्याचा हिशोब आज सेवेला आलेल्या एकोणीस वर्षांच्या पोरीकडे मागायचा नसतो. तिच्याकडे मागायचा हिशोब वेगळा आहे, आणि तिला तो कुणी मागितलाच नाही ही माझी तक्रार आहे.

आता खाजन. पणजीत वाढलेल्यांसाठी सांगतो. मांडवी-झुवारीच्या खाड्यांलगत भरतीच्या पातळीपेक्षा खाली असलेली ही जमीन. गोव्यात ती सुमारे १८,००० हेक्टर आहे. शेकडो वर्षांपूर्वी आपल्या गावकऱ्यांनी बांध घालून ती समुद्राकडून मिळवली आणि खारं सोसणारं कोरगुट भात तिथे पिकवलं. बांधाचा गाभा चिकण चिखलाचा, नदीकडची बाजू चिऱ्यांची. आणि बांधात मानस. मानस म्हणजे लाकडी दारं. भरती चढली की पाण्याच्या रेट्याने दार आपोआप मिटतं, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतं. ना मोटर, ना वीज. दाराला फक्त एक गोष्ट लागते, त्याच्या आणि चौकटीच्या मध्ये काही अडकता कामा नये. हे ध्यानात ठेवा.

तर काही वर्षांपूर्वी युरोपातल्या एका चर्चचा गट दिवाडीवर आला. बांधाला एके ठिकाणी खिंडार पडू घातलं होतं. कुर्ल्यांनी बिळं करून गाभा पोखरला होता. गटाला ‘पर्यावरणाचं काम’ हवं होतं, संयोजकाने हे काम सुचवलं. कल्पना वाईट नव्हती. फोटोही छान येणार होते. तारखा वर्षभर आधी ठरल्या, विमानाची तिकिटं काढली गेली आणि झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीचा रविवार) गट येऊन पोचला. म्हणजे त्यांच्या शाळा-कॉलेजांची ईस्टरची सुट्टी.

मंडळी, ईस्टर कसा ठरतो? वसंतसंपातानंतरची पहिली पौर्णिमा, आणि तिच्या पुढचा रविवार. म्हणजे ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात पौर्णिमा असायचीच, दरवर्षी, चुकता चुकणार नाही. आणि पौर्णिमा म्हणजे उधाण! चर्चच्या पंचांगानेच सांगून ठेवलेलं आहे की त्या आठवड्यात खाडीचं पाणी सगळ्यात वर चढणार. सोळाशे वर्षांहून जुना नियम. युरोपातल्या चर्चला तो ठाऊक, आपल्या पाद्रीबाबांना ठाऊक, तिथींवर जगणाऱ्या आपल्या भटजींनाही क्षणात कळेल. पण सुट्टी आणि भरती यांची सांगड घालून कुणी पाहिलीच नाही.

पौर्णिमेच्या सुमारास मांडवीत भरती साधारण सकाळी दहा-बाराच्या दरम्यान चढते आणि पाणी ओसरतं ते संध्याकाळी. गटाचं वेळापत्रक होतं सकाळी नऊ ते एक काम, मग जेवण, विश्रांती आणि संध्याकाळी पाचला प्रार्थना नि मनोगतं. म्हणजे पाणी चढताना मुलं बांधावर आणि पाणी उतरताना मुलं सभागृहात. तिथली मानस सांभाळणारे एक काका आहेत, सत्तरीच्या पुढचे. वडिलांपासून हेच काम. पहिल्या दिवशी ते बांधावर आले, उकिडवे बसले, बराच वेळ बघत राहिले आणि मला म्हणाले, “पुनवेक कोण बांदार काम करता?” मी ते इंग्रजी करून संयोजकाला सांगितलं. तो म्हणाला, “साहेब, कार्यक्रम छापून झालाय.”

छापून झालाय! भरतीचाही कार्यक्रम छापलेला असतो, बंदरखात्याच्या कोष्टकात, वर्षाच्या सुरुवातीलाच. तो कुणी उघडला नाही.

चिखल टाकावा आणि पाण्याने न्यावा, असं दोन दिवस चाललं. मग संयोजकाने तोडगा काढला. सिमेंटची रिकामी प्लॅस्टिकची पोती आणली, त्यांत वाळू भरली आणि नदीच्या अंगाने रचली. भिंत दिसायला सुरेख झाली. मुलांनी खरंच घाम गाळला. त्यांच्या हातांना फोड आलेले मी पाहिले आहेत. एक मुलगी तर संध्याकाळची प्रार्थना सोडून काकांपाशी येऊन उभी राहायची. चिखलाचा गोळा पायाने कसा मळायचा, तो फेकायचा नाही तर टाचेने दाबत कसा बसवायचा, बोटांनी चाचपून कुर्लीचं बीळ कसं ओळखायचं, हे ती खुणांनी शिकत होती. तिला कोकणी येत नव्हती आणि काकांना इंग्रजी. त्या आठवड्यात बांधाचं जे खरं काम झालं ते या दोघांनी केलं, सात-आठ हात लांबीचं. ते आजही टिकून आहे. मग एक दिवस तिला त्यांच्या प्रमुखाने समज दिली, कारण गटाने एकत्र राहायचं असा नियम. ती पुन्हा आली नाही. मला त्या प्रमुखाचा राग नाही. त्याच्यावर वीस पोरांची जबाबदारी होती. राग आहे तो अशा रचनेचा, जिच्यात शिकायची वेळ आणि शिकवणाऱ्याची वेळ कधी जुळतच नाही.

गुड फ्रायडेला काम बंद. ते योग्यच होतं, गावही चर्चमध्ये होता. पण ‘गावकऱ्यांनी साथ दिली नाही’ असं नंतर अहवालात लिहून आलं! ज्या आठवड्यात दिवाडीतलं प्रत्येक ख्रिस्ती घर उपासतापासात आणि मिरवणुकीत गुंतलेलं असतं, त्याच आठवड्यात तुम्ही त्यांना पाटी घेऊन या म्हणता आणि आले नाहीत म्हणून लिहिता. हे एका चर्चने दुसऱ्या चर्चविषयी लिहावं, याचं मला आजही वाईट वाटतं.

ईस्टरनंतर गट गेला. पंधरवड्याने अमावास्येचं उधाण आलं. वाळूच्या पोत्यांमागे गाभाच नव्हता. पाणी मागून शिरलं, पोती सुटली, प्रवाहाबरोबर गेली आणि एक जाऊन बसलं थेट मानशीच्या दारात. सांगितलं होतं ना ध्यानात ठेवायला? दार वीतभर उघडं राहिलं आणि रात्रीच्या भरतीत खारं पाणी आत. आत काही घरांनी मिरची आणि तांबडी भाजी लावली होती. काका रात्री कमरेला दोर बांधून पाण्यात उतरले. दोराचं दुसरं टोक त्यांच्या नातवाच्या हातात. फाटलेलं पोतं दाराच्या खिळ्यात गुंतलं होतं, ते ओढून निघेना, म्हणून कोयत्याने कापत कापत काढलं. सत्तरी उलटलेला माणूस, अंधारात, उलट्या रेट्यात! भाजी गेली ती गेलीच. त्या पोत्यांचे निळे-पांढरे धागे पुढे कित्येक महिने जाळ्यात मासळीबरोबर येत होते.

हा गट एका आठवड्याने उशिरा आला असता तर भांगाचे दिवस मिळाले असते. पाण्याची चढउतार कमी, आणि ओहोटी नेमकी दुपारच्या आधी. त्यांचं तेच नऊ ते एकचं वेळापत्रक जसंच्या तसं चाललं असतं. तीच मुलं, तेवढेच पैसे, तेवढाच घाम, आणि बांध उभा. एक प्रश्न विचारायचा राहिला, “काका, कधी येऊ?”

आणि हे गोव्याने जगाला सांगावं, याला कारण आहे. आपणही बेटावर माणसं पाठवली आहेत. बाणावलीचे जोसेफ वाझ १६८७ मध्ये सिलोनला गेले. तिथल्या किनारपट्टीवर डचांचं राज्य, कॅथलिक पाद्र्यांना बंदी, म्हणून मजुराच्या वेषात. आधी तमिळ, मग सिंहली शिकले. कँडीच्या राजाने हेर समजून कैदेत टाकलं. पुढे १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली, लोक रोग्यांना टाकून पळाले, तेव्हा हे मागे राहिले आणि रोग्यांची शुश्रूषा केली. १७११ मध्ये तिथेच वारले. गोव्याला परतले नाहीत. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना कोलंबोत संत घोषित केलं. आणि त्यांच्या मागून गेलेले जाकोम गोन्साल्विस तर दिवाडीचेच! १७०५ ला गेले, १७४२ ला तिथेच देह ठेवला, आणि सिंहली भाषेत एवढं लिहिलं की तिथल्या कॅथलिक साहित्याचा पाया त्यांच्यापासून मोजतात. त्यांच्या धर्मकार्याबद्दल इथे प्रत्येकाचं मत वेगळं असेल, असू द्या. मी बोलतोय त्यांच्या वेळाविषयी. बेटाने जेवढी वर्षं मागितली तेवढी त्यांनी दिली. प्रत्येकाने जन्म द्यावा असं मी म्हणत नाही. आठ दिवस द्या, पण बेट सांगेल ते आठ.

कार्यवाहांची चिठ्ठी आली आहे, चोडणच्या मंडळींना फेरीबोट गाठायची आहे. जाहीर केलेला युक्तिवाद तर अजून उरलाच आहे, म्हणून आता भराभर सांगतो.

पैशांचं बघा. १९९८ च्या मिच वादळानंतर होंडुरासमध्ये अशा गटांनी घरं बांधली. कर्ट व्हर बीक या अभ्यासकाने त्याचा मागोवा घेतला. एक घर स्थानिक संस्था सुमारे २,००० डॉलरमध्ये बांधत होती, आणि ते बांधायला येणाऱ्या एका गटाच्या प्रवासाचा खर्च सुमारे ३०,००० डॉलर. घर मिळालेल्या कुटुंबांच्या आयुष्यात, घर कुणी बांधलं यामुळे काही फरक दिसला नाही. मग कुणी विचारेल, पैसेच पाठवा, येता कशाला? मी तसं म्हणणार नाही. काकांपाशी उभी राहणारी ती मुलगी आली नसती तर मला वाईट वाटलं असतं. पण खर्चाचे दोन्ही आकडे एकाच कागदावर लिहून यजमान गावाला दाखवावेत, आणि त्यातला ठरावीक वाटा गावातल्या मजुरीसाठी आधी बाजूला काढावा.

घाईचं बघा. १२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला, आणि महिना उलटायच्या आत अमेरिकेतल्या एका चर्चगटाच्या १० जणांना ३३ मुलं कागदपत्रांशिवाय सीमेपलीकडे नेताना अटक झाली. अनाथ म्हणून नेत होते, पण त्यांतल्या अनेकांचे आईबाप हयात होते. चार दिवस थांबून शेजारीपाजारी विचारलं असतं तर कळलं असतं.

म्हणून माझं म्हणणं असं. बोलावणं गावाकडून यावं, लेखी, काम आणि तारखांसकट. कामाचा मुख्य गावचा माणूस असावा, आणि त्याला त्याची रोजची मजुरी मिळावी. पाहुण्यांनी त्याच्या हाताखाली राबावं. काम संपल्यावर सहा महिन्यांनी गावाने अहवाल लिहावा, पाहुण्यांनी नव्हे, आणि तो पाहुण्यांच्या चर्चमध्ये मोठ्याने वाचला जावा. हेच नियम मुंबई-पुण्याहून गोव्यात श्रमदानाला येणाऱ्या आपल्या मराठी महाविद्यालयांच्या शिबिरांनाही लावा. तेही डिसेंबरची सुट्टी बघून येतात, बांध बघून नाही.

दिवाडीवरच्या त्या खिंडाराचं काम अजून अर्धं बाकी आहे. काकांनी यंदाचे भांगाचे दिवस कागदावर लिहून दिले आहेत, तो कागद कार्यवाहांच्या टेबलावर ठेवतो. ज्यांना यायचं असेल त्यांनी तारीख बघून पुढे नाव लिहावं. गमबूट आणू नका, चिखलात रुतून बसतात. अनवाणी चालतं. जेवण गावात आहे, मी सांगून ठेवलं आहे.