कमानी कोरल्या पाण्यानं

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय 'युटातल्या दगडी कमानी कशा घडल्या' असा छापलाय. युटा म्हणजे अमेरिकेतलं एक राज्य. आधी सांगा, त्या वाऱ्यानं कोरल्या असं किती जणांना वाटतं? हात वर करा... बरेच आहात. मग आधी बाटलीची गोष्ट.

नोव्हेंबर संपत आला होता. मी, धाकटी बहीण, मेव्हणे आणि दोघी भाच्या सॉल्ट लेक सिटीहून गाडीनं निघालो. चारेक तासांत मोआब, आणि तिथून आर्चेस नॅशनल पार्क अगदी जवळ. आत 'डेव्हिल्स गार्डन' नावाचा तळ आहे, पन्नासएक तंबूंचा. तंबूला लागूनच तांबड्या खडकाच्या उभ्या भिंती. वाळवंट म्हटलं की आपण उन्हाची तयारी करून जातो. तिथं सूर्य बुडाला आणि अर्ध्या तासात हुडहुडी भरली. शेगडीवरची खिचडी ताटात पडेपर्यंत गार! धाकटी भाची म्हणाली, "मामा, एवढ्या मोठ्या दगडाला भोक कुणी पाडलं?" मेव्हणे म्हणाले, "वाऱ्यानं गं. घासून घासून."

त्या रात्री तिची स्टीलची बाटली बाहेर टेबलावर राहिली. काठोकाठ भरलेली, झाकण घट्ट. सकाळी पाहतो तर बूड फुगून बाहेर आलेलं. उभी केली की लवंडायची. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं. मेव्हण्यांना म्हटलं, भाऊजी, स्टीलची ही गत, तर भेगेत पाणी शिरलेल्या दगडाची काय होत असेल?

इथं एक तक्रार मांडतोच. पायवाटेच्या कडेला काळपट, खरबरीत माती दिसते. ती जिवंत आहे. सूक्ष्म जिवाणू, शेवाळ, आणि आपण गोड्या मसाल्यात घालतो त्या दगडफुलाची भावंडं, अशा सगळ्यांनी मिळून वाळू धरून ठेवलेली असते. फोटोसाठी लोक खुशाल त्यावरून चालत होते. एक पाऊल पडलं की ती भरून यायला कित्येक वर्षं जातात. मला फार वाईट वाटलं, दोघातिघांना मी अडवलंही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. भरभर सांगतो.

सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी तिथला समुद्र पुन्हा पुन्हा आटला आणि मिठाचे जाड थर साचले. वर खडक चढत गेले. वजनाखाली मीठ वाहतं, फुगवटे येतात. तसे ते आले आणि वरच्या वालुकाश्माला एकमेकींना समांतर भेगा पडल्या. भेगांत पावसाचं पाणी शिरलं. वाळूचे कण चिकटवून ठेवणारा चुना त्यानं विरघळवला, थंडीत गोठून कपचे उडवले. भेगा रुंदावल्या, मधे पातळ भिंती उरल्या. भिंतीचा नरम भाग आधी झडतो, भोक पडतं, वरून कपचे पडत पडत कमान होते. सुटलेली वाळू वारा उडवून नेतो, त्याचं काम मुख्यतः तेवढंच. निघोजचे रांजणखळगे पाहिलेल्यांना पाण्याची ताकद वेगळी सांगायला नको. कुकडीचं पाणी वाहताना दिसतं, इथलं दिसत नाही, म्हणून श्रेय वारा घेऊन जातो.

आणि हे काम अजून चालू आहे. १९९१ साली लँडस्केप आर्चचा मोठा तुकडा पर्यटकांसमोर कोसळला. २००८ च्या ऑगस्टमध्ये वॉल आर्च रात्रीतून पडली.

भाचीची बाटली मी मागून आणलीय. मागच्या रांगेपर्यंत फिरवा. बुडाला हात लावून बघा.