पहिल्या श्वासाचा पापुद्रा

ऑगस्ट १९६३. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला, त्याला नीट श्वास घेता येईना, आणि तो जेमतेम ३९ तास जगला. पैसा, डॉक्टर, कशाचीच वानवा नव्हती. खरं तर अशा बाळांच्या फुफ्फुसात काय कमी असतं, ते मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्येच दाखवलं होतं. पृष्ठताण कमी करणारा स्निग्ध थर नसतो. मग तो बाहेरून का देता आला नाही?

आपले वायुकोश, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्या, आतून ओले असतात, आणि पाण्याचा पृष्ठभाग सतत आक्रसू पाहतो. शरीराच्या तापमानाला त्याचा ताण मीटरमागे सुमारे ७० मिलिन्यूटन. एवढ्या ओढीत श्वास सोडला की कोश मिटतात. लिपिडचा, म्हणजे त्या स्निग्ध पदार्थाचा, रेणू इथे कामाला येतो. त्याचं डोकं पाण्यात आणि दोन शेपट्या हवेत. जर्मनीत ॲग्नेस पॉकेल्स नावाची तरुणी घरीच पत्र्याच्या पन्हाळीत पाणी भरून, वरचा तेलकट थर पट्टीने पुढे रेटत असे आणि ताण किती बदलतो ते मोजत असे. तिचं पत्र १८९१ मध्ये ‘नेचर’ने छापलं. विद्यापीठात न गेलेल्या त्या बाईंबद्दल मला अपार आदर आहे. श्वास सोडताना आपली छाती त्या पट्टीचंच काम करते. रेणू दाटीने उभे राहतात आणि ताण जवळपास शून्यावर येतो.

एवढं कळल्यावर साठच्या दशकात डॉक्टरांनी त्या थरातला मुख्य लिपिड, डीपीपीसी, तुषार करून बाळांना दिला. गुण आला नाही.

का, ते नीट पाहू. पाण्यात लिपिडचे रेणू एकेकटे राहत नाहीत. ते दुहेरी पटल करतात आणि त्याची बंद पिशवी होते. सगळ्या शेपट्या आत झाकलेल्या, बाहेर सगळीकडे पाणी धरून बसलेली डोकी. अशी पिशवी पृष्ठभागाच्या अगदी खाली येऊन पोचली तरी उघडत नाही, कारण मधला पाण्याचा पातळ थर हटायला हवा, पटल वाकायला हवं, शेपट्या क्षणभर उघड्या पडायला हव्यात. त्यात डीपीपीसीचं पटल ४१ अंशांखाली ताठ असतं. म्हणजे जो रेणू दाटीने उभं राहण्यात पटाईत, तोच पसरण्यात मठ्ठ!

फुफ्फुसातल्या पेशी हा माल कांद्याच्या पापुद्र्यांसारखा गुंडाळून साठवतात आणि सोबत एसपी-बी, एसपी-सी ही छोटी प्रथिनं देतात. ती पटलात शिरून त्याची घडी बिघडवतात, दोन थर एकमेकांत मिसळवतात, आणि दुहेरी पटलाचा माल पृष्ठभागावरच्या एकेरी थरात वाहू लागतो. एसपी-बीचं जनुक सदोष असेल तर दिवस पूर्ण भरलेलं बाळही सहसा वाचत नाही. लिपिड असूनही!

१९८० मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुफ्फुसाचा अर्क वापरला. त्यात या प्रथिनांचा अंश होता. दहा अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या श्वासनलिकेत तो सोडला. आज आपल्याकडच्या नवजात अतिदक्षता विभागांतही असंच दुधासारखं पांढरं औषध नळीतून देतात. थोड्याच वेळात रक्तातला प्राणवायू वाढू लागतो, आणि दर श्वासाला आत ओढल्या जाणाऱ्या फासळ्या हळूहळू स्थिरावतात.