पट्टा, हुक आणि दोर : उंचीवरच्या कामातील जोडणी

श्रोतेहो, नमस्कार.

एप्रिल संपत येतो तेव्हा आपल्या सांगली-सातारा भागातल्या साखर कारखान्यांची धुराडी थंडावलेली असतात, ऊसतोडणीच्या टोळ्या मराठवाड्याकडे परतलेल्या असतात आणि कारखान्याच्या आवारात दुरुस्तीची कामे सुरू झालेली असतात. बॉयलर हाउसवरचे पत्रे बदलणे, धुराड्याला रंग देणे, बगॅस म्हणजे उसाचा चोथा वाहून नेणाऱ्या कन्व्हेयरच्या गॅलऱ्या नीट करणे, ही सारी कामे पावसाच्या आत उरकायची असतात. त्याच सुमारास कुपवाड-मिरजेच्या औद्योगिक वसाहतींत शेडची छपरे बदलली जातात, तासगावकडच्या बेदाण्याच्या शीतगृहांवर वेल्डर चढलेले दिसतात, आणि वनकुसवडे, चाळकेवाडी किंवा ढालगावच्या पवनचक्क्यांमध्ये देखभाल करणारे तंत्रज्ञ मनोऱ्याच्या आतल्या उभ्या शिडीने चढत-उतरत असतात.

या बहुतेक ठिकाणी हल्ली सेफ्टी बेल्ट दिसतो आणि ती चांगली गोष्ट आहे. पण अंगात पट्टा असलेला माणूस बांधलेला असतोच असे नाही. पडणाऱ्या माणसाला धरणाऱ्या साखळीचे चार भाग असतात : अंगावरचा पट्टा, जोडणारे हुक, मधला दोर आणि तो जिथे अडकवला आहे ती जागा. पट्ट्याविषयी मी आज थोडक्यातच बोलणार आहे, कारण भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ३५२१ या मानकाची खूण असलेला पट्टा बहुधा बरा असतो. घात होतो तो त्याच्या पुढच्या जोडणीत.

पट्ट्याबद्दल इतकेच सांगतो की नुसता कमरेचा पट्टा पडणाऱ्या माणसाला अडवण्यासाठी वापरू नये. सारा झटका पोटावर आणि मणक्यावर येतो, आणि माणूस उलटा होऊन पट्ट्यातून निसटूही शकतो. अमेरिकेत १ जानेवारी १९९८ पासून अशा वापराला बंदी आहे. खांदे, छाती आणि मांड्या धरणारा पूर्ण पट्टाच हवा, आणि दोर त्याच्या पाठीवरच्या, दोन्ही खांद्यांच्या मधल्या कडीला जोडायचा.

आता अडकवण्याच्या जागेकडे वळू. माणसाचे वजन ८० किलो, मग ८० किलो पेलणारा पाइप पुरे, असा हिशेब पहाडावर, म्हणजे कामासाठी बांधलेल्या परांचीवर, सर्रास ऐकू येतो, आणि तो साफ चुकीचा आहे. १.८ मीटर खाली पडायला माणसाला जेमतेम ०.६ सेकंद लागतो आणि तेवढ्यात त्याचा वेग ताशी २१ किलोमीटरच्या घरात पोहोचतो. हा वेग न ताणणाऱ्या दोराने पंधरा-वीस सेंटिमीटरच्या अंतरात शून्यावर आणला, तर झटक्याचा जोर वजनाच्या दहा-बारा पटींवर जातो. म्हणून दोरात शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवलेला असतो. त्यातली घडी घालून शिवलेली पट्टी झटक्याने उसवत जाते, थांबण्याचे अंतर वाढते आणि अंगावर येणारा जोर युरोपीय मानकाप्रमाणे ६ किलोन्यूटनच्या, म्हणजे साधारण सहाशे किलोंच्या भाराच्या आत राहतो. तरीही बांधणीची जागा मात्र दर माणशी २२ किलोन्यूटन, म्हणजे सव्वादोन टनांच्या आसपास भार पेलणारी असावी, असा अमेरिकी नियम आहे. तज्ज्ञ अभियंत्याने हिशेब करून दिला असेल तर याहून कमी ताकदीचीही चालते, पण हिशेब नसेल तर हाच आकडा धरावा. कठड्याचा जीआय पाइप, विजेच्या तारांची कॉन्ड्युट, पाण्याची लाइन, पत्रा धरणारा जे-बोल्ट किंवा पहाडाचे पाइप जोडणारा सैल कपलर यांतले काहीही या कसोटीला उतरत नाही. मुख्य खांब, मुख्य तुळई किंवा त्यासाठीच बसवलेली कडी, एवढेच पर्याय उरतात.

जागा शक्यतो डोक्याच्या वर आणि कामाच्या सरळ रेषेत हवी. बाजूला चार-पाच मीटरवर हुक अडकवून काम केले, तर पडलेला माणूस झोके घेत खांबावर किंवा यंत्रावर आदळतो आणि दोर शाबूत राहूनही जबर इजा होते.

हुकांविषयी थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण हुक हा दिसायला सगळ्यात साधा आणि चुका करायला सगळ्यात सोपा भाग आहे. जुना, एका बोटाने उघडणारा स्नॅप हुक अजूनही अनेक ठेकेदारांच्या पेटीत सापडतो. तो कडीत अडकवल्यावर दोराला पीळ पडला किंवा माणूस वळला, की कडीची कड हुकाच्या झडपेवर, म्हणजे तोंड बंद करणाऱ्या पट्टीवर, आतल्या दिशेने दाबली जाते, झडप उघडते आणि भार न येताच हुक कडीबाहेर घसरतो. म्हणून आता दुहेरी क्रियेचा हुक वापरतात. त्याची झडप उघडायला दोन वेगवेगळ्या हालचाली कराव्या लागतात आणि हात सोडताच ती आपोआप बंद होऊन कुलूपबंद होते. असा हुक असला तरी तीन गोष्टी टाळाव्यात. एकाच कडीत दोन हुक घालू नयेत, कारण ते एकमेकांच्या झडपा दाबतात. हुकाला हुक अडकवून दोर लांब करू नये. आणि तुळईभोवती दोर फिरवून हुक त्याच दोराला परत अडकवू नये. निर्मात्याने त्यासाठीच बनवलेला दोर असेल तरच ते चालते. तुळई जाड असेल तर तिच्याभोवती गुंडाळण्याची वेगळी अँकर स्लिंग मिळते, ती घ्यावी. लहान हुक मोठ्या अँगलवर जेमतेम टेकवून झडप अर्धी उघडी ठेवण्यापेक्षा तो न अडकवलेला बरा, असे मी म्हणेन, कारण निदान त्या माणसाला आपण मोकळे आहोत हे तरी ठाऊक असते.

कॅरॅबिनरचा, म्हणजे उघडझाप होणाऱ्या झडपेच्या धातूच्या कडीचा, प्रश्न थोडा निराळा आहे. आपल्या जिल्ह्यांत गडकिल्ल्यांवर कडे चढणारी तरुण मंडळी पुष्कळ आहेत आणि त्यांतले काही जण आपले गिर्यारोहणाचे साहित्य कामावरही आणतात. त्यांना हे वेगळे सांगायला नको की कॅरॅबिनरची ताकद त्याच्या लांबीच्या दिशेने असते. तो आडवा होऊन झडपेवर भार आला तर वीस-पंचवीस किलोन्यूटनचा कॅरॅबिनर सात-आठ किलोन्यूटनलाच जवाब देऊ शकतो. हे दोन्ही आकडे त्याच्या अंगावरच कोरलेले असतात. फिरवून बंद करण्याचा स्क्रू प्रकार कारखान्याच्या कंपनांनी आणि दोराच्या घर्षणाने हळूहळू उघडतो, म्हणून कामावर आपोआप कुलूपबंद होणाराच वापरावा.

जागा बदलताना माणूस मोकळा राहू नये यासाठी दोन फाट्यांचा दोर असतो : पुढचा हुक अडकवायचा, मगच मागचा काढायचा. यात एक बारीक गोष्ट निसटते. वापरात नसलेला दुसरा हुक अनेक जण पट्ट्याच्या कमरेजवळच्या भक्कम कडीला लावून ठेवतात. मग पडताना ओढ त्या फाट्यातून थेट कमरेला बसते आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर उसवतच नाही. मोकळा हुक ठेवण्यासाठी छातीजवळ जी झटक्याने सुटणारी पट्टी दिलेली असते, तिथेच तो ठेवावा.

उभ्या लाइफलाइनचे, म्हणजे वरून खाली सोडलेल्या सुरक्षा-दोराचे, नियम थोडेच आहेत. एका दोरावर एकच माणूस. दोरावर सरकणारा रोप ग्रॅब त्याच जाडीच्या आणि प्रकारच्या दोरासाठी बनलेला असावा, आणि त्यावरचा बाण वरच्या दिशेला असावा. उलटा बसवला तर तो पकडतच नाही. पवनचक्कीच्या शिडीवरच्या तारेला किंवा रुळाला लागणाऱ्या यंत्रणेलाही हेच लागू आहे. म्हणून पहिल्या पायऱ्यांवर असतानाच अंगाचा भार टाकून ती पकडते की नाही हे पाहूनच वर जावे. दोराला गाठी मारू नयेत, गाठीमुळे त्याची ताकद निम्म्यापर्यंत घटू शकते. जिथे दोर तुळईच्या किंवा पत्र्याच्या कडेवरून जातो तिथे खाली जाड संरक्षक आवरण हवेच.

आडव्या लाइफलाइनचे मात्र तसे नाही, आणि माझ्या मते आपल्याकडे सर्वांत जास्त गैरसमज याच बाबतीत आहेत. छपरावर दोन टोकांना वायर रोप बांधून टर्नबकलने, म्हणजे फिरवून ताण देणाऱ्या स्क्रूने, ती ताणली जाते, आणि जितकी घट्ट तितकी चांगली असे मानले जाते. कपडे वाळत घालायची दोरी ज्यांनी ताणून बांधली आहे आणि मधोमध ओली चादर टाकताच खिळा उपटलेला पाहिला आहे, त्यांना यातले शास्त्र पटकन कळेल. माणूस पडल्याच्या क्षणी दोर मधोमध फक्त ५ अंशांनी झुकला, तर प्रत्येक टोकावर येणारा ताण मधल्या भाराच्या जवळजवळ पावणेसहा पट होतो. मधला झटका ६ किलोन्यूटनचा असेल तर टोकाला ३४ किलोन्यूटन, म्हणजे साडेतीन टनांच्या आसपास. तोच दोर १५ अंशांनी झुकला तर ताण दुपटीच्या किंचित आत राहतो. पण झोळ सोडला की माणूस तेवढा अधिक खाली जातो : दोन टोकांमध्ये १० मीटर अंतर असेल तर १५ अंशांचा झोळ म्हणजे मध्यभागी १.३ मीटरहून जास्त. हे दोन्ही एकाच वेळी सांभाळायचे असल्यामुळे आडवी लाइफलाइन फोरमनच्या अंदाजाने बांधायची वस्तू नव्हे. तिचा आराखडा अभियंत्याने करायला हवा, टोकाला झटका शोषणारा भाग हवा, आणि एका वेळी किती माणसांनी अडकायचे ते तिथेच पाटीवर लिहिलेले हवे.

आता खाली उरणाऱ्या मोकळ्या जागेचा हिशेब. दोर १.८ मीटरचा, शॉक अ‍ॅब्सॉर्बर उसवून त्यात १.७५ मीटरपर्यंत भर, पाठीच्या कडीपासून तळपायापर्यंत दीड मीटर आणि वर एक मीटर राखीव. म्हणजे हुक जिथे अडकवला तिथून खाली सुमारे ६ मीटर जागा मोकळी हवी. आपल्याकडच्या कित्येक शेडची वळचण पाच-सहा मीटरच उंच असते. तिथे पायाशी हुक लावून काम करणारा माणूस पडला, तर पट्टा, हुक, दोर सगळे उत्तम असूनही तो जमिनीवर आदळेल. अशा ठिकाणी डोक्यावर अडकवायची, स्वतः दोर आवळून घेणारी आणि झटका बसताच थांबणारी यंत्रणा वापरावी, किंवा दोर इतका आखूड ठेवावा की माणूस कडेपर्यंत पोहोचूच नये. मला दुसरा मार्ग अधिक आवडतो, कारण त्यात पडणेच होत नाही. मात्र सिमेंटचा जुना पत्रा पायाखाली फुटून माणूस खाली जातो, तेव्हा कडेच्या हिशेबाचा उपयोग नसतो. तिथे आधी फळ्यांची वाट आणि खाली जाळी हवी.

दोराच्या जातीबद्दल साखर कारखान्यांना एक सांगणे आहे. इव्हॅपोरेटरमधली, म्हणजे रस आटवण्याच्या भांड्यांतली, खपली काढायला कॉस्टिक सोडा वापरला जातो आणि तीव्र अल्कली पॉलिएस्टरचे धागे खाते. उलट नायलॉनला आम्ल सोसत नाही, मग ते बॅटरीचे का असेना. म्हणून कुठल्या विभागात कुठला दोर हे भांडाराने ठरवून द्यावे. बाजारात किलोवर मिळणारी निळी-पिवळी प्लॅस्टिकची दोरी लाइफलाइन म्हणून कधीच वापरू नये, कारण ती उन्हाने ठिसूळ होते आणि उष्णतेने लवकर वितळते. वेल्डिंगच्या ठिणगीने पडलेले टोचणीएवढे भोक, उसवलेले टाके, झडपेची मंदावलेली स्प्रिंग, पुसलेले लेबल, यांतले काहीही दिसले की साहित्य बाजूला काढावे. एकदा पडणे अडवलेला पट्टा व दोर वरून नवा दिसला तरी बाद करावा आणि बाद केलेला लगेच कापून टाकावा, नाहीतर तो पुढच्या हंगामात कुणा रोजंदारीवरच्या पेंटरच्या अंगावर परत येतो.

शेवटी सुटकेची तयारी. पट्ट्यात लोंबकळणाऱ्या माणसाच्या पायांत रक्त साठू लागते आणि काही मिनिटांत तो बेशुद्ध होऊ शकतो. १०८ ला फोन करायचाच आहे, पण रुग्णवाहिकेबरोबर शिडी किंवा क्रेन येत नाही, तेव्हा त्याला खाली कोण, कशाने आणणार हे काम सुरू होण्याआधी ठरलेले असावे. तो शुद्धीवर असेल तर पाय सतत हलवत राहायला आणि दोराचा फास करून त्यात पाय रोवायला सांगावे. खाली आणल्यावर त्याला आडवे झोपवावे. बसते ठेवण्याचा जुना सल्ला आता मानला जात नाही. श्वास चालू आहे ना हे पाहत राहावे आणि तो किती मिनिटे लोंबकळत होता हे रुग्णवाहिकेतील डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

नमस्कार.