पाय मुरगळला, एक्स-रे कधी आणि मैदान कधी?

समोर पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली आहेत, कबड्डीवालेही आहेत. म्हणून आज गुडघा बाजूला ठेवू आणि घोट्यावरच बोलू. गुडघा दुखला की आपण डॉक्टर गाठतो, घोटा मात्र 'मोच आली' म्हणून मोकळा सोडतो. उन्हाळ्यात आपल्या नागपूरकडची काळी माती भेगाळते. भेगेच्या कडेवर चवडा पडला की पाऊल आत वळतं.

ते आतच का वळतं, हे स्वतःच्या पायावर बघा. बाहेरच्या घोट्याचं टोक आतल्यापेक्षा खाली उतरलेलं आहे, त्यामुळे पाऊल बाहेर वळायला अडतं. नडगी आणि तिच्या शेजारचं बारीक हाड मिळून एक खाच करतात, तिच्यात टेलस नावाचं हाड बसतं. टेलसचा माथा पुढे रुंद, मागे अरुंद. टाच टेकलेली असून गुडघा पुढे झुकला की रुंद भाग खाचेत घट्ट बसतो. चवड्यावर आलात की अरुंद भाग येतो आणि सांधा सैल पडतो. उडीवरून उतरताना पाय मुरगळतो तो याच अवस्थेत.

बाहेरच्या बाजूला तीन लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड जोडणारे चिवट पट्टे, आहेत. पुढचं, बारीक हाडापासून टेलसकडे जाणारं, सर्वांत कमजोर. आधी तेच ताणतं किंवा फाटतं. जोर जास्त असेल तर टाचेकडे जाणाऱ्याची पाळी येते. मागचं क्वचितच तुटतं.

आता एक्स-रे. कॅनडातल्या डॉक्टरांनी 1992 मध्ये मांडलेले ओटावा नियम यासाठी वापरतात. घोट्याच्या आसपास दुखत असेल, तर त्या पायाच्या बाहेरच्या आणि आतल्या घोट्याच्या मागच्या कडेचा खालचा 6 सेंटीमीटर भाग टोकापर्यंत बोटाने दाबा. पावलाचा मधला भाग दुखत असेल, तर करंगळीच्या रेषेत बाहेर उंचावलेलं हाड आणि कमानीवरचं आतल्या बाजूचं हाड दाबा. यांपैकी कुठेही हाडावरच कळ आली, किंवा इजा झाल्यावर आणि तपासतानाही चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे हवाच. लंगडत टाकलेली पावलंही चालतात. लहान मुलं, नशेतला माणूस, मधुमेहाने बधिर झालेले पाय यांच्या बाबतीत मात्र या नियमांवर विसंबू नका.

पहिले दोन दिवस मालीश नको, शेक नको, 'ओढून बसवणं' तर नकोच. फाटलेल्या जागी रक्त साचतं. चोळल्याने आणि गरम केल्याने सूज वाढते. बर्फ फडक्यात गुंडाळून 15 ते 20 मिनिटं, दर दोन-तीन तासांनी. क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून वर, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर, वर जाताना ताण थोडा कमी करत. बोटं निळी किंवा बधिर वाटली तर लगेच सोडा. झोपताना पाय उशांवर, छातीपेक्षा उंच.

खरी चूक पुढे होते. सूज उतरली, दुखणं थांबलं आणि गडी मैदानात! लिगामेंटमध्ये पावलाची दिशा मेंदूला कळवणारे मज्जातंतू असतात. तेही इजेत बिघडतात, म्हणून तोच घोटा पुन्हा पुन्हा वळतो. त्यामुळे दुखणं सोसवेल तसं, दोन-तीन दिवसांनी हालचाल सुरू करा: अंगठ्याने हवेत 'क' पासून 'ज्ञ' पर्यंत अक्षरं काढा. मग भिंतीला धरून टाचा उचला, 15 चे तीन फेरे. बाहेरच्या पोटरीच्या स्नायूंसाठी रबरी पट्टा पावलाभोवती अडकवून पाऊल बाहेर ढकला. मग एका पायावर 30 सेकंद उभं राहा. जमलं की डोळे मिटून. डोळे मिटल्यावर घोटा कसा थरथरतो ते बघा, तिथेच कमतरता दिसते. हा तोल महिना-दीड महिना रोज साधायचा.

धावण्याआधी एका पायावर उड्या मारून बघा. दोन्ही पायांची उडी जवळपास सारखी हवी. मग सरळ धाव, त्यानंतर इंग्रजी आठच्या आकारात वळणं घेत धाव, आणि चढाई-पकड त्याहीनंतर. खेळताना घोट्याला ब्रेस किंवा टेप काही महिने ठेवा.

पोटरी मध्यावर दोन्ही बाजूंनी दाबल्यावर घोट्याच्या वर कळ आली, तर या वेळापत्रकावर जाऊ नका. तिथे नडगी आणि बारीक हाड जोडणाऱ्या लिगामेंटला इजा झालेली असू शकते. तिला बरं व्हायला बराच जास्त वेळ लागतो आणि कधी ऑपरेशनही लागतं. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनाच दाखवा.