जास्वंद गुडघ्यापर्यंत

[दृश्य: वाढलेली जास्वंद. कॅमेरा बुंध्यापासून हळूहळू वर.]

ही जास्वंद. हिचं वय नक्की कुणालाच आठवत नाही. खाली नुसत्या काठ्या, मधे अंधार, आणि फुलं पार वर, मान मोडेपर्यंत बघावं लागेल अशी. खिडकीचा अर्धा उजेड हिनेच अडवलाय.

दरवर्षी कोणीतरी कात्री घेऊन येतं, बाहेर डोकावणारे शेंडे चार-चार बोटं उडवतं आणि झाडावर उपकार केल्याच्या समाधानाने परत जातं. दोन महिन्यांत जास्वंद होती तिथेच. उलट वरून आणखी दाट, आतून आणखी बोडकी.

आज ती गुडघ्याइतकी होणार आहे.

[दृश्य: करवत, कात्री, हातमोजे, स्पिरिटमध्ये भिजवलेला फडका.]

इथेच हात कचरतो. एवढं वाढलेलं झाड, आणि आपण त्याचं पान न् पान उतरवायचं? मेलं तर? कापणाऱ्याच्या मनात हे येतंच, आणि येऊ द्यावं. काही झाडं खरंच मरतात, त्यांच्याकडे नंतर येऊ. पण जास्वंद का मरणार नाही, ते आधी बघूया.

[दृश्य: जुन्या फांदीच्या सालीवर अगदी जवळून कॅमेरा. पेरापेरावर बारीक उंचवटे.]

प्रत्येक पानाच्या देठापाशी एक डोळा असतो, म्हणजे अजून न फुटलेला कोंब. पान गळतं, डोळा राहतो. साल जाड होत जाते तसा तो आत दबतो, आणि वर्षानुवर्षं तिथे झोपून राहतो. त्याला झोपवून ठेवतो तो फांदीचा शेंडा.

शेंडा खुडला की खालचे डोळे फुटतात, हे माळी पिढ्यान् पिढ्या बघत आले. १९३३ साली केनेथ थिमन आणि फोक स्कूग या दोघांनी बाकल्याच्या रोपांवर त्यामागचं कारण तपासलं. त्यांनी शेंडे खुडले आणि कापलेल्या जागी ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक लावलं. शेंडा नव्हता, तरी डोळे गप्प बसून राहिले. म्हणजे शेंड्याचा हुकूम खाली पोचतो तो या रसायनातून. पुढे कळलं की या कारभारात बाकीचीही मंडळी आहेत. मुळांकडून वर येणारं सायटोकायनिन हे दुसरं संप्रेरक डोळ्यांना जागं करतं, आणि शेंडा ओढून घेत असलेली साखर मोकळी झाली की तीही डोळ्यांच्या वाट्याला येते.

आता वरवरच्या छाटणीकडे परत बघा. शेंडा चार बोटं उडवला की जागे होतात ते कापाच्या लगेच खालचे दोन-तीन डोळे. एका शेंड्याचे तीन झाले. पुढच्या वर्षी नऊ. बाहेर पानांचं टोपलं तयार होतं, आत ऊन पोचत नाही, आतली पानं गळतात आणि फांद्या वाळतात. ज्याला आपण हलकी छाटणी म्हणतो, तिनेच हे झाड असं झालंय.

फुटवा कापाच्या जवळ येतो. तेव्हा झाड जिथून फुटायला हवंय, त्याच्या किंचित वर कापायचं. सगळं धैर्य एवढ्याच माहितीवर उभं आहे.

[दृश्य: बुंध्यालगतची माती. थोडीशी उकरल्यावर जाडजूड मुळं.]

आणि फुटायला बळ कुठून येणार? तर खालून. मुळांत आणि जुन्या खोडात पिठूळ साठा असतो, म्हणजे स्टार्च. शिवाय ही मुळं दोन पुरुष उंचीच्या पसाऱ्याला पाणी पुरवायला वाढलेली आहेत, आणि आज वर पसाराच उरणार नाही. कडक छाटणीनंतरचे धुमारे इतके जोमाने का येतात, याचं उत्तर मातीखाली आहे.

हा साठा मात्र बाराही महिने सारखा नसतो. नवी पालवी काढताना झाड तो भराभर खर्च करतं. कोवळी पानं नुकतीच उलगडली आहेत, अजून जून झालेली नाहीत, ही कापायला सगळ्यात वाईट वेळ, कारण पैसे खर्च झालेत आणि कमाई अजून सुरू व्हायचीये. थंडी सरत आली, डोळे फुगायच्या बेतात आहेत, तेव्हा तिजोरी भरलेली असते. जास्वंद, गुलाब, बोगनवेल यांना तीच वेळ, कारण यांची फुलं नव्या फुटीवर येतात.

ज्यांची फुलं गेल्या वर्षीच्या काडीवर येतात, त्यांचं गणित निराळं. हायड्रेंजियाच्या बहुतेक बागेतल्या जाती अशा, अझेलियाही तशीच. त्यांना फुलं संपल्या संपल्या कापायचं. उशीर केला तर झाड मरत नाही, फक्त पुढचा बहर हुकतो. चाफ्याचं फूल फांदीच्या टोकाला येतं, त्यामुळे छाटलेला चाफा एखादा हंगाम रुसतो. रुसू द्यावा.

[दृश्य: आतून तपकिरी, बाहेरून हिरवी मोरपंखी. फांद्या हाताने बाजूला सारलेल्या.]

आता ती न परतणारी झाडं.

ही मोरपंखी. फांद्या बाजूला सारून आत बघा, सगळं तपकिरी. त्या तपकिरी भागात जागा होणारा डोळा नाही. कापाखाली हिरवं शिल्लक राहिलं तर ठीक, नाहीतर ती फांदी संपली. मी अशीच एक मोरपंखी एकदा कमरेपर्यंत आणली होती, जास्वंदीच्या भरवशावर. दीड वर्ष मी रोज सकाळी तिच्याकडे बघत होतो. मग उपटली.

बहुतेक सूचिपर्णी झाडं याच जातकुळीतली. रोझमेरी आणि लव्हेंडर जुन्या, पानं नसलेल्या काडीवरून सहसा फुटत नाहीत. आणि एकखोडी पामच्या झाडांना वाढीचा कोंब एकच, शेंड्यात. तो गेला की झाड गेलं, मग खाली कितीही उंच खोड असो.

झाड कोणत्या जातीचं हेच माहीत नसेल तर सोपी खूण आहे. बुंध्याकडच्या जुन्या लाकडावर कुठे एखादा आपसूक आलेला फुटवा दिसतोय का ते शोधा. दिसला तर झाडाने आपणहून उत्तर दिलंय. फांदी जिवंत आहे की नाही याची शंका असेल, तर नखाने साल जराशी खरवडा. खाली हिरवं ओलं दिसलं तर जीव आहे, तपकिरी कोरडं दिसलं तर तो सल. तो काढताना कुणाची परवानगी नको.

तरीही धीर होत नाही? मग तीन वर्षांत करा. दरवर्षी सगळ्यात जुन्या एक तृतीयांश फांद्या जमिनीलगत काढायच्या, बाकीच्यांना हात लावायचा नाही. तिसऱ्या वर्षी सगळं झुडूप नवं झालेलं असतं आणि शेजाऱ्यालाही कळत नाही. आजारी किंवा पाण्यावाचून सुकत आलेल्या झाडाला तर हाच रस्ता बरा.

[दृश्य: करवत चालते. पहिली फांदी पडते. निवेदन थांबलेलं, फक्त आवाज.]

आधी घरटं आहे का ते बघून घेतलं. नव्हतं.

पहिल्यांदा सल. मग एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या, मग आतल्या बाजूला वाढलेल्या. एवढ्यानेच निम्मं झाड उतरलं आणि आत पहिल्यांदा ऊन पडलं. आता राहिलेल्या पाच जाड फांद्या गुडघ्याच्या उंचीवर, बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर. काप किंचित तिरका, उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूला. डोळा दिसत नसेल तर फार शोधत बसू नका. इतक्या जुन्या लाकडावर तो दिसतोच असं नाही. कापा, तो स्वतःची जागा दाखवेल.

एक सांगायला हवं. हेच धैर्य कण्हेरीवरही चालतं, पण तिचा रस विषारी. हातमोजे घाला, आणि तिच्या फांद्या जाळू नका, धूरही वाईट. चाफ्याचा आणि पानचेट्यांचा, म्हणजे पॉइन्सेटियाचा, चीक आपल्या डोळ्यांत जाऊ देऊ नका.

[दृश्य: मोठ्या झाडाची फांदी खोडाला मिळते ती जागा. सुजल्यासारखं कडं.]

झुडूप आणि मोठं झाड यांत मात्र गल्लत नको. मनगटापेक्षा जाड फांदी एका झटक्यात खालपर्यंत कापायला गेलात तर ती स्वतःच्या वजनाने मोडते आणि जाताना खोडाची साल सोलून नेते. म्हणून काप तीन. खोडापासून फूटभर अंतरावर खालून वर, एक तृतीयांशापर्यंत. त्याच्या थोडं पुढे वरून खाली, की फांदी पडते. राहिलेला खुंट मग निवांतपणे, शेवटच्या कापात.

तो शेवटचा काप कुठे, यावर ॲलेक्स शायगो या अमेरिकन संशोधकाने आयुष्य घातलं. तिथल्या वनसेवेत असताना त्याने करवतीने हजारो झाडं उभी चिरून आतली कूज बघितली. १९७७ साली त्याने मांडलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड कुजक्या भागाभोवती भिंती उभारतं, तो भाग कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवतं. फांदीच्या जखमेपुढे अशी भिंत उभी राहते ती फांदीच्या बुडाशी दिसणाऱ्या या सुजलेल्या कड्याच्या आत. खोडाला अगदी लागून सफाईदार कापलं तर तेच कापलं जातं. लांब खुंट ठेवला तर तो कुजतो आणि वाट अडवतो. कडं शाबूत ठेवून, त्याच्या अगदी बाहेर कापायचं. वर डांबर नको, रंगही नको. त्याने कूज थांबत नाही.

आणि उंच झाडाचा शेंडा मधेच तोडून ते बोडकं करणं, हे धैर्य नाही. तिथे फुटणारे धुमारे वरवर चिकटलेले असतात. काही वर्षांनी जाड झाले की वाऱ्यात तेच निखळतात. पूर्ण वाढलेल्या झाडाचा एका हंगामात पाव हिस्सा पालाही जास्त होऊ शकतो. आणि शिडीवर चढून करवत चालवायची वेळ आली तर जाणकाराला बोलवा.

[दृश्य: चहाचा मळा, कंबरेइतकी झुडपं.]

ही झुडपं नव्हेत, झाडं आहेत. न कापता सोडलं तर चहा दहा मीटरच्याही वर जाऊ शकतो. दर काही वर्षांनी त्याला कडक छाटतात, म्हणून तो कंबरेवर थांबतो, आणि अशी झुडपं कित्येक दशकं पानं देत राहतात. कापून पुन्हा फुटू देण्याची ही रीत फार जुनी. इंग्लंडात सॉमरसेटच्या दलदलीत स्वीट ट्रॅक नावाची लाकडी पायवाट सापडली. लाकडातल्या वर्षवलयांवरून ती इसवी सन पूर्व ३८०७-३८०६ मधली ठरली. तिच्यात बुडापासून छाटलेल्या झाडांच्या सरळसोट काठ्या आहेत. नांगर, चाक यांच्या गोष्टी आपण मोठ्या कौतुकाने सांगतो. करवतीआधीच्या त्या दगडी कुऱ्हाडीने बुडाशी घाव घालून पुढच्या फुटीची वाट बघणारा माणूस मला जास्त आवडतो.

[दृश्य: पाच खुंट. मागे मोकळी खिडकी.]

पहिला आठवडा वाईट असतो. येणारा जाणारा विचारतो, हे काय केलंत? खुंटांकडे बघून आपल्यालाही तेच वाटतं. या दिवसांत दोन चुका होतात. एक, दयेपोटी भरपूर पाणी. पानं नाहीत, तर पाणी उडणार कुठून? माती चिकट होऊन मुळं कुजतात. दुसरी, भरभरून खत. पहिली पानं पसरेपर्यंत थांबा, तोवर बुंध्यापासून जरा दूर पालापाचोळा पसरा. सावलीत वाढलेली साल एकदम उन्हात आलीये, ऊन कडक असेल तर तिला चुन्याचा हात द्या.

[दृश्य: सालीतून बाहेर आलेला लालसर कोंब. मग दुसरा. मग एकाच खुंटावर अकरा.]

चौथा आठवडा. जिथे काहीच दिसत नव्हतं तिथून.

आता खरं काम. अकराच्या अकरा ठेवले तर पुन्हा तेच टोपलं. प्रत्येक खुंटावर तीन-चार, बाहेर झुकलेले, एकमेकांपासून अंतर राखून असलेले ठेवायचे. बाकीचे आत्ताच, कोवळे असताना, अंगठ्याने मोडायचे. सरळ आभाळात निघालेले पानसोट आधी. ते सगळ्यात देखणे दिसतात, त्यामुळे जीव होत नाही. मोडा.

[दृश्य: अंगठा. कोंब मोडल्याचा बारीक आवाज. खिडकीतून कोणीतरी बघतंय.]