झाकलेली पपई : कोलंबियातला परदेशी पाहुणा

(दृश्य : कोलंबियाची राजधानी बोगोता. सकाळची वेळ, भुरभुर पाऊस. रुंद रस्त्याच्या कडेने माणसे झपाझप चालली आहेत.)

बोगोताच्या मध्यवस्तीतला हा रस्ता थोडा वेळ नीट न्याहाळला, की एक गोष्ट ध्यानात येते. फुटपाथवर एवढी माणसे आहेत, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, पण तो हातात धरून चालणारा क्वचितच दिसतो. फोन वाजला की इथला माणूस जवळच्या दुकानात किंवा एखाद्या इमारतीच्या दारात शिरतो, भिंतीला पाठ लावून बोलतो, फोन आतल्या खिशात सरकवतो आणि मगच पुन्हा रस्त्यावर येतो. चौकाच्या तोंडाशी थांबून, फोन तोंडासमोर धरून नकाशा गोल गोल फिरवत उभा असतो, तो बहुतेक वेळा परदेशी पाहुणा असतो.

या सवयीला कोलंबियात एक नाव आहे : ‘नो दार पापाया’, म्हणजे ‘पपई देऊ नये’. तिची जोडीदार म्हण सांगते, ‘आ पापाया पुएस्ता, पापाया पार्तिदा’, समोर ठेवलेली पपई कापली जाणारच. बायबलातल्या दहा आज्ञांनंतरची ही अकरावी आज्ञा, असे तिथले लोक थट्टेने म्हणतात. पपई अमेरिका खंडातून पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आली. ही म्हण मात्र तिकडेच राहिली आणि तिचे काम मराठीत ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण थोडेफार करते. या पपईच्या म्हणीत एक खोट आहे, तीही सांगितली पाहिजे. लुटल्या गेलेल्या माणसालाच ‘तू पपई दिलीस’ असे ऐकवले जाते आणि लुटणारा जणू निसर्गनियमच पाळत होता, असा सूर लागतो. कोलंबियातही अनेकांना हा सूर खटकतो. न्याय म्हणून ही म्हण अपुरी आहे, पण परक्या शहरात पहिले चार दिवस काढायला तिच्याइतका उपयोगी सल्ला दुसरा नाही.

(दृश्य : कोलंबियाचा नकाशा. पूर्वेला व्हेनेझुएलाची सीमा, नैर्ऋत्येला डोंगराळ काउका, वायव्येला दारिएनचे जंगल.)

परदेशी माणूस कोलंबियाला निघतो तेव्हा त्याच्या मनात जी भीती असते, ती बहुधा तीस वर्षांपूर्वीची असते. कोकेन टोळीचा म्होरक्या पाब्लो एस्कोबार 2 डिसेंबर 1993 रोजी मेदेयीनमध्ये मारला गेला. त्याआधी, 1991 साली, त्या शहरात लाख लोकसंख्येमागे सुमारे 380 खून झाले होते. 2000 साली देशभरात साडेतीन हजारांहून अधिक अपहरणे झाली. पुढच्या पंधरा वर्षांत हा आकडा त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आत आला. नोव्हेंबर 2016 मध्ये सरकार आणि ‘फार्क’ या सर्वांत मोठ्या गनिमी संघटनेत शांतता करार झाला आणि त्यासाठीच्या प्रयत्नांबद्दल राष्ट्राध्यक्ष हुआन मानुएल सांतोस यांना त्याच वर्षीचा नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. देशातल्या खुनांचे प्रमाण आज लाखामागे पंचविसाच्या आसपास आहे. भारतात ते तीनहूनही कमी आहे, म्हणून हा आकडा आपल्याला मोठा वाटतो आणि तसा तो आहेच.

मात्र तो देशभर सारखा पसरलेला नाही. ‘एएलएन’ ही दुसरी गनिमी संघटना, करार नाकारलेले ‘फार्क’चे गट आणि कोकेनच्या व्यापारावर पोसलेल्या टोळ्या आजही काही प्रदेशांवर हुकूमत गाजवतात. जानेवारी 2025 मध्ये व्हेनेझुएलाच्या सीमेलगतच्या कातातुम्बो खोऱ्यात दोन गटांत लढाई पेटली आणि पन्नास हजारांहून अधिक लोकांना घरदार सोडावे लागले. आराउका, काउकाचा ग्रामीण भाग, नोर्ते दे सांतांदेर, व्हेनेझुएलाची सीमा आणि पनामाकडे जाणारे दारिएनचे जंगल या ठिकाणी पर्यटक म्हणून जाऊ नये. येथे सावधगिरीच्या युक्त्या पुरत नाहीत. इतर दुर्गम भागांतही मळलेली पायवाट सोडू नये, कारण काही डोंगरांत भूसुरुंग अजून पुरलेले आहेत.

बहुतेक पाहुण्यांचा या नकाशाशी संबंधच येत नाही. ते बोगोता, मेदेयीन, कार्ताहेना आणि कॉफीच्या मळ्यांचा डोंगरी पट्टा एवढे फिरतात. तेथे गाठ पडते ती बंदूकधारी गनिमांशी नव्हे, तर संधी शोधणाऱ्या भुरट्यांशी आणि सराईत टोळ्यांशी.

(दृश्य : बोगोतातील लाल जोडबस. दारे उघडतात, गर्दी आत लोटते.)

चोरीच्या प्रकारांना इथे स्वतंत्र नावे आहेत. ‘त्रान्समिलेनिओ’च्या या लाल बसमधल्या पाकीटमारीला ‘कोस्कियेओ’ म्हणतात. स्पॅनिशमध्ये त्याचा संबंध गुदगुल्यांशी आहे आणि मुंबईच्या लोकलमध्ये ज्याचे पाकीट गेले आहे, त्याला या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. ‘रापोनासो’ म्हणजे हिसका मारून वस्तू पळवणे. मोटारसायकलवर दोघे येतात, मागे बसलेला हात लांब करतो आणि तुम्ही वळून पाहीपर्यंत गाडी चौक ओलांडून गेलेली असते. बँकेतून मोठी रक्कम काढणाऱ्यावर पाळत ठेवून त्याला पुढे गाठण्याला ‘फ्लेतेओ’ म्हणतात. म्हणून पैसे रस्त्यावरच्या यंत्रातून काढू नयेत. ते मॉलमधल्या किंवा बँकेच्या आतल्या यंत्रातून, दिवसाउजेडी आणि थोडे थोडे काढावेत. पासपोर्ट मुक्कामीच ठेवून त्याची प्रत जवळ बाळगावी.

फोन न काढता वाट कशी शोधायची, याचे उत्तर या शहराने स्वतःच देऊन ठेवले आहे. बोगोताच्या पूर्वेला डोंगरांची सलग भिंत आहे, तेव्हा डोंगर दिसले की पूर्व सापडली. डोंगरांना समांतर, दक्षिणोत्तर जाणारे रस्ते म्हणजे ‘कारेरा’ आणि त्यांना छेदणारे ‘काये’. डोंगरापासून दूर जावे तसे कारेराचे क्रमांक वाढतात, उत्तरेकडे जावे तसे कायेचे. ‘काये 12, क्रमांक 4-30’ या पत्त्याचा अर्थ असा, की घर बाराव्या कायेवर, चौथ्या कारेराच्या कोपऱ्यापासून सुमारे तीस मीटरवर आहे. एवढे कळले की मान खाली घालून चालण्याची गरज उरत नाही, आणि मान वर असलेला माणूस चोराच्या नजरेत भरत नाही. कांदेलारिया ही जुनी वस्ती दिवसा पायी हिंडावी, संध्याकाळी तेथून वाहनाने निघावे. 3,152 मीटर उंचीच्या मोनसेराते टेकडीवर चढण्याच्या पायवाटेवर लूटमारीच्या घटना घडल्या आहेत. शंका असेल तर सरळ रोपवे घ्यावा. शहरच मुळी सुमारे 2,600 मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्याही हजारभर मीटर वर वसलेले आहे. पहिल्या दिवशी धाप लागते, डोके जड होते, आणि अशा अवस्थेत सावधपणाही थोडा सुटतो.

(दृश्य : रात्र. ओल्या रस्त्यावर पिवळ्या टॅक्सीचे दिवे.)

टॅक्सीविषयी जरा सविस्तर सांगितले पाहिजे. ‘पासेओ मियोनारिओ’, म्हणजे लक्षाधीशाची सैर, हा गुन्हा असा घडतो. प्रवासी रस्त्यात हात करून टॅक्सी थांबवतो. टॅक्सी थोडी पुढे जाते, मग चालक काही निमित्त काढून ती हळू करतो. मागून येणाऱ्या दुसऱ्या टॅक्सीतून दोघे उतरतात, दोन्ही दारांनी आत शिरतात आणि प्रवाशाला मध्ये दाबून बसवतात. त्यानंतर एका एटीएमवरून दुसऱ्या एटीएमवर फेऱ्या सुरू होतात. प्रसंग रात्री अकराच्या सुमाराचा असेल तर मध्यरात्र उलटेपर्यंत माणसाला फिरवत ठेवतात, कारण तारीख बदलली की खात्यातून पैसे काढण्याची नवी मर्यादा सुरू होते. 20 जून 2013 रोजी बोगोताच्या उत्तरेकडील श्रीमंत भागात अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेचा एक अधिकारी जेवणघरातून बाहेर पडून टॅक्सीत बसला आणि अशाच हल्ल्यात चाकूच्या वारांनी मरण पावला. त्याने प्रतिकार केला होता. प्रशिक्षित माणसाची ही गत झाली, हे लक्षात घेतले तर पुढचा नियम पटायला हरकत नाही : रस्त्यावर हात करून टॅक्सी थांबवू नये. हॉटेलकडून मागवावी किंवा अ‍ॅपवरून बोलवावी, आणि पाटीवरचा क्रमांक जुळला तरच बसावे. अ‍ॅपची खासगी मोटार आली आणि चालकाने पुढच्या आसनावर बसायला सांगितले, तर घाबरू नये. या सेवेला तेथील कायद्यात स्पष्ट जागा नाही, म्हणून वाहतूक पोलिसांच्या नजरेत येऊ नये यासाठी बहुतेक चालक ही विनंती करतात.

(दृश्य : बागेतले झाड. घंटेसारखी मोठी, पिवळसर पांढरी फुले खाली लोंबत आहेत.)

या झाडाचे नाव बोराचेरो, आणि त्या नावात ‘बोराचो’, म्हणजे झिंगलेला, हा शब्द दडलेला आहे. अँडीज पर्वतातले हे झाड बोगोताच्या बागांतही शोभेसाठी लावलेले दिसते. आपल्या धोत्र्याचे हे सख्खे नातलग. शंकराला वाहिले जाणारे धोत्र्याचे फूल वर पाहते, याचे खाली. दोन्हींत स्कोपोलामिन हे द्रव्य असते, ज्याला कोलंबियात ‘बुरुंदांगा’ म्हणतात. गाडी लागण्यावर डॉक्टर ते अगदी अल्प मात्रेत वापरतात. पेयात मिसळून दिले की माणूस बाहेरून शुद्धीवर असल्यासारखा वागतो, सांगितले तसे करतो, आपल्या पायांनी लुटारूंना आपल्या खोलीपर्यंत नेतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला काही आठवत नाही. मात्रा थोडी जास्त झाली तर तो उठतच नाही. एकोणिसाव्या शतकात भारतातही वाटसरूंना धोतरा चारून लुटणाऱ्या टोळ्या होत्या, आणि अनोळखी माणसाकडून खाद्यपदार्थ घेऊ नका ही सूचना आपण रेल्वेस्थानकांवर आजही ऐकतो. तीच सूचना तेथे पेयाला लागू आहे. प्याला नजरेआड करून उठू नये, आणि उठलेच तर परत आल्यावर तो पिऊ नये, मग त्यात कितीही पैशांचे पेय असो.

यातला सर्वांत दुःखद भाग डेटिंग अ‍ॅपशी जोडलेला आहे. 2023 च्या नोव्हेंबर आणि डिसेंबर या दोन महिन्यांत मेदेयीनमध्ये अमेरिकेच्या आठ नागरिकांचे संशयास्पद मृत्यू झाले आणि त्यांपैकी अनेक प्रकरणांत गुंगीचे औषध, लूट आणि अ‍ॅपवरून झालेली ओळख यांचा संबंध असल्याचे सांगून तेथील अमेरिकी दूतावासाने जानेवारी 2024 मध्ये जाहीर इशारा दिला. पहिली भेट गर्दीच्या ठिकाणी घ्यावी, कोठे आणि कोणाबरोबर आहोत हे मित्राला कळवावे, आणि मुक्कामाच्या खोलीवर अनोळखी व्यक्तीला नेऊ नये, असा त्यातला सल्ला होता. हा सल्ला वाचताना अपमान वाटतो. मेदेयीनच्या बहुसंख्य मुलींचा या टोळ्यांशी काही संबंध नाही. पण ओळख अ‍ॅपवरची असली, की समोर कोण येणार हे पाहुण्याला आधी कळत नाही, हेही खरेच आहे.

एवढे करूनही कोणी चाकू काढलाच, तर फोन आणि पाकीट द्यावे. वाद घालू नये, अचानक हालचाल करू नये, मागे धावू नये. थोड्या नोटा वेगळ्या खिशात ठेवण्याची युक्ती तेथील लोकही वापरतात. कोणी साध्या कपड्यांत येऊन आपण पोलीस असल्याचे सांगत नोटा तपासायला मागू लागला, तर त्या हाती देऊ नयेत आणि जवळच्या पोलीस चौकीत येण्याची तयारी दाखवावी. या चौक्यांना ‘काइ’ म्हणतात, जे मराठी कानाला प्रश्नासारखे ऐकू येते. तोतया असेल तर तो चौकीचे नाव काढताच पाय काढता घेतो. आणीबाणीसाठी देशभर 123 हा क्रमांक आहे, अपहरण आणि खंडणीसाठी 165, आणि पासपोर्ट गेला तर भारताचा दूतावास बोगोतातच आहे. पोलिसांकडे नोंदवलेल्या तक्रारीची प्रत, जिला ‘देनुन्सिया’ म्हणतात, ती विम्यासाठी लागतेच.

(दृश्य : तायरोना राष्ट्रीय उद्यान. मोठमोठे शिलाखंड, मागे जंगल, समोर फेसाळता समुद्र.)

कॅरिबियन किनाऱ्यावर आले की पाहुण्याची छाती हलकी होते आणि नेमका येथेच घोटाळा होतो. तायरोनामधला आरेसिफेसचा किनारा दिसायला अप्रतिम आहे. तेथे पाटी लावलेली आहे : शंभराहून अधिक लोक येथे बुडाले आहेत, त्यांच्या यादीत तुमची भर पडू देऊ नका. पाण्याखालची ओढ इतकी जबर आहे, की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही ती आत खेचते. कोकणच्या किनाऱ्यावर दर उन्हाळ्यात पाटीकडे पाठ करून पाण्यात उतरणारे पर्यटक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना वेगळे सांगायला नको. पुढे चालत गेल्यावर खडकांनी अडवलेले शांत पाणी आहे, पोहायचे तर तेथे.

शेवटची तपासणी कोलंबियात नव्हे, तर मुंबईच्या विमानतळावर होते. कोलंबिया हा पीतज्वराचा देश म्हणून भारताच्या यादीत आहे. 2025 साली तोलिमा प्रांतात साथ वाढल्यावर तेथील सरकारने देशभर आरोग्य आणीबाणी जाहीर केली होती. डास चावण्यापासून होणाऱ्या या रोगाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. परतताना तिचे पिवळे प्रमाणपत्र दाखवता आले नाही, तर भारतीय आरोग्य अधिकारी प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ते प्रमाणपत्र सामानात टाकलेल्या मोठ्या बॅगेत नव्हे, तर पासपोर्टसोबत, हाताशी असावे; पट्ट्यावर बॅग यायच्या आधीच ते मागितले जाते.