पाण्यात बुडणारं लाकूड

(दृश्य : उतरवायला घेतलेलं धाब्याचं जुनं घर)

धाब्यावरची माती खाली आली, कड्या म्हणजे छताची आडवी लाकडं निघाली. मधला खांब मात्र चौघांना हलेना. सुतारबाबांनी वाकसानं थोडं तासलं, तर चुलीच्या काजळीखालून गडद तांबडा, जांभळट रेघांचा रंग उजळला. “हाई अंजननं लाकूड शे,” ते म्हणाले.

(दृश्य : पाण्यानं भरलेलं घमेलं)

सागाचा तुकडा तरंगला. अंजनाचा सरळ तळाला गेला. घनफूटभर पाणी साधारण 28 किलो भरतं, तेवढाच वाळलेला साग 18 किलोंच्या आसपास आणि अंजन 30 किलोंच्या घरात. त्याच्या तंतूंच्या भिंती जाड, आत पोकळी अगदी थोडी. वाळवी सहसा याच्या वाटेला जात नाही, आणि याच घट्टपणानं सुताराचा घामही निघतो. तंतू एकमेकांत गुंतलेले असल्यानं रंधा अडतो, करवतीची धार लवकर जाते. खिळा तर वाकतोच. आधी भोक पाडावं लागतं. जाणता सुतार हे लाकूड ओलं असतानाच कापून घेतो. घराचे खांब, तुळया, गाडीच्या चाकाचा तुंबा म्हणजे मधला गड्डा, जिथं भार पेलायचा तिथं अंजन.

(दृश्य : जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेरच्या उत्तरेचा सातपुडा)

हे झाड मुरमाड, खडकाळ उतारावर उभं राहतं. रोप लहान असतानाच त्याचं सोटमूळ खोल जातं, वरची वाढ मात्र सावकाश होते. पान आपट्यासारखं वाटतं, पण नीट बघा : आपट्याची दोन दळं मध्ये चिकटलेली असतात, अंजनाची बुडापासूनच वेगळी. चाराटंचाईत याच्या फांद्या गुरांपुढे पडतात. सालीच्या वाखाचे दोर वळतात.

(दृश्य : पुन्हा घर)

असे खांब जळणाच्या भावात जाताना पाहिले की जीव तुटतो. आजोबांनी खांद्याला खांदा लावून उभा केलेला खांब, आणि तो भट्टीत!

या घराच्या मालकानं मात्र खांब राखलाय. नव्या घराच्या ओसरीत तो उभा राहील. खांबाखालचा दगडी तळखडाही सोबत नेणार आहेत. सुतारबाबा आता खांबाचा घेर दोरीनं मोजतायत. काजळी घासायची नाही, असं मालकिणीनं त्यांना बजावलंय.